अंगणातल्या टोमॅटोला रोज संध्याकाळी नळीने पाणी देतो, तरी खालची पानं करपतात. काय चुकतंय?

चूक बहुतेक पाण्याच्या वेळेत आणि पद्धतीत आहे. करप्याच्या बुरशीला रुजायला पानावर ओल लागते, आणि संध्याकाळी वरून पाणी मारलं की पानं रात्रभर ओलीच राहतात. सकाळी, फक्त बुडाशी, आळ्यात पाणी द्या. तेही रोज ठरवून नको. मातीत बोट खुपसून बघा, दोन पेरं कोरडं लागलं तरच भरपूर पाणी द्या. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी आणि हवा खेळती असणं, फार महत्त्वाचा. सतत चिखल राहिला की मुळं गुदमरतात आणि कुजतात.

पावसाचे थेंब मातीतली बुरशी उडवून खालच्या पानांवर नेतात, म्हणून आधी तिथेच डाग दिसतात. बुडाशी वाळलेल्या पाल्याचं दोन-तीन इंच आच्छादन करा, जमिनीलगतची वीतभर पानं काढून टाका. डाग पडलेली पानं कंपोस्टात मात्र अजिबात टाकू नका.

आणि याच जागी गेल्या वर्षी वांगी, मिरची किंवा बटाटा होता का? ती सगळी टोमॅटोच्याच कुळातली, त्यामुळे तीच बुरशी मातीत टिकून राहू शकते. तसं असेल तर पुढच्या वर्षी तिथे मेथी किंवा गवार लावा.