चौथ्या महिन्याचा बॉक्स

प्रश्न: मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ६ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी हस्तकलेच्या साहित्याचा बॉक्स दर महिन्याला घरपोच पाठवायचा, अशी माझी कल्पना आहे. छापील खोके एकदम ५०० घेतले तर स्वस्त पडतात. शिक्षण थांबवून पूर्ण वेळ यातच उतरावंसं वाटतं, पण आई-बाबा नको म्हणतात. काय करू?

उत्तर: तू पाठवलेला आराखडा मी दोनदा वाचला. पंख हलवणारा कागदी पक्षी, त्याची चित्रमय कृती, गोंदाची छोटी ट्यूब, सगळं मन लावून ठरवलं आहेस. पण पहिल्या बॉक्सवर दोन पानं आहेत आणि चौथ्यावर एक ओळही नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच.

पहिला बॉक्स कुतूहलापोटी घेतला जातो. चौथा दारात येतो तेव्हा आधीचे दोन कपाटावर न उघडता पडलेले असतात आणि पालक वर्गणी बंद कशी करायची ते शोधू लागतात. हिशेब करून बघ. १०० ग्राहकांमधून दर महिन्याला १० टक्के गळाले, तर सहा महिन्यांनी ५३ उरतात आणि वर्षाने २८. गळती ५ टक्क्यांवर आणलीस तर वर्षाने ५४ टिकतात. ही गळती थांबली नाही, तर जाहिरातीवरचा खर्च म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं. काही जण तर नकळत गळतात: कार्डाची मुदत संपते, पैसे कापले जात नाहीत आणि कुणी साधी आठवणही करून देत नाही.

१९२६ साली अमेरिकेत हॅरी शर्मन यांनी ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ सुरू केला. तिथे पुस्तकं निवडायला जाणकारांचं मंडळ होतं आणि सभासदांचा भरवसा त्या निवडीवर होता. रंगीत कागद कुठेही मिळतो. तू विकणार आहेस ती निवड: या वयाच्या मुलाला कुणाच्या मदतीशिवाय जमेल आणि तासभर रमवेल अशी गोष्ट. म्हणून प्रत्येक कृती आधी चार-पाच मुलांच्या हातात दे आणि बाजूला गप्प बसून बघ. मूल जिथे अडून मोठ्यांकडे बघतं, ती पायरी बदल.

आता खोक्याबद्दल. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५००० ने भागतात आणि हे आकारमानाचं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्यावर पैसे लावतात. तुझा ३० × २५ × १२ चा खोका आत ७०० ग्रॅमच माल असला तरी १.८ किलोचा धरला जाईल. उंची ६ केलीस तर ०.९ किलो. ५०० खोके छापून बसलीस आणि महिन्याभरात माप बदलावं लागलं, तर? साधे खोके घे, वर स्टिकर लाव.

वर्षाची वर्गणी आगाऊ मिळाली की हात सैल सुटतो, जपून राहा. न पाठवलेल्या बॉक्सचे पैसे म्हणजे ग्राहकाचं देणं. ते वेगळ्या खात्यात ठेव.

शिक्षण सोडू नकोस, असं मी स्पष्ट सांगते. मात्र परीक्षा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. तीस ग्राहक घे आणि सहा महिन्यांच्या कृती आधी तपासून तयार ठेव. महिन्यातली एक तारीख ठरव, त्यानंतर आलेली नोंदणी पुढच्या महिन्यात, म्हणजे माल उरणार नाही. वर्गणी बंद करणं अगदी सोपं ठेव आणि जाणाऱ्या प्रत्येकाला कारण विचार. ओळखीचे लोक भिडेखातर तीन महिने थांबतात, म्हणून तिसातले निम्मे तरी अनोळखी हवेत.

चौथ्या महिन्याचे पैसे तिसांपैकी किती जणांनी भरले, तो आकडा आई-बाबांसमोर ठेव. वीसच्या पुढे गेला तर मलाही कळव, मग पूर्ण वेळ उतरण्याबद्दल बोलू.