मेंदी छाटताना बुलबुलाचं घरटं पडलं. पिल्लांना हात लावला तर आई टाकते का?

नाही टाकत. तीन उघडी पिल्लं मातीत पडलीयत आणि घरातले हात लावू देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. आधी ती उचलून सावलीत ठेवा, मग पुढचं वाचा.

"माणसाचा वास लागला की आई घेत नाही" हे माझ्या सासूबाईही ठासून सांगायच्या. पण बुलबुल पिल्लांना वासावर ओळखत नाहीत. त्यांना जागा ठाऊक असते. तिथून ओळखीचा आवाज आला, चोची उघडलेल्या दिसल्या की नर-मादी दोघंही भरवतात. ते बिथरतात आपण तिथेच घुटमळत राहिलो म्हणून.

आमच्याकडे बडोद्यात हेच झालं होतं. जूनचा पहिला आठवडा, पावसाआधी मधुमालतीचा पसारा कमी करायला माळीभाईंना बोलावलं होतं. दोन-चार वेळा कात्री चालली आणि ते ओरडले, "बेन, माळो!" खाली वाटीएवढं घरटं, एका बाजूने उसवलेलं. चूक माझीच. चोचीत किडे धरून वेलीत शिरणारा बुलबुल मी चार दिवस बघत होते, तरी छाटणीआधी आत डोकावले नाही.

हाताशी देवाच्या फुलांची परडी होती. तीच घेतली, आणि नशिबाने तीच योग्य ठरली, कारण बांबूच्या विणीतून पाणी निथळतं. प्लॅस्टिकचा डबा घेतलात तर तळाला भोकं पाडा, नाहीतर एका सरीत पिल्लं बुडतील. मोडकं घरटं तसंच परडीत बसवलं, भोवती वाळलं गवत खोचलं. कापूस नको, त्याच्या तंतूंत नखं अडकतात. परडी त्याच वेलीला, जवळजवळ त्याच उंचीवर सुतळीने बांधली. पण छाटणीमुळे वरची सावली गेली होती, आणि आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. भुकेआधी तेच पिल्लांना मारतं. म्हणून वर एक जुनं सूप तिरकं बांधलं. सुतळीला व्हॅसलीन चोपडलं, कारण तोवर मुंग्या लागल्या होत्या.

मग मी सगळ्यात मोठा मूर्खपणा केला: दर पाच मिनिटांनी जाऊन बघत राहिले. दोघं तारेवर बसून कलकलाट करत होते, खाली उतरेनात. पाऊण तासाने सासूबाईंनी मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. खिडकीच्या फटीतून बघतो तर थोड्याच वेळात एक जण हिरवी अळी घेऊन हजर! दोन पिल्लं वाढली, उडाली. तिसरं पडतानाच जबर दुखावलं होतं, ते दुपारीच गेलं.

तुम्हीही दोनेक तास लांबून वाट बघा. तोवर दूध-पाव, भात काही देऊ नका, आणि ड्रॉपरने पाणी तर मुळीच नको. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, थेंब सरळ फुफ्फुसात जातो. बुलबुलाच्या पिल्लांना पाणी अन्नातूनच मिळतं.

पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल तर मात्र त्याला घरट्यात कोंबू नका, ते परत उडी मारणारच. जवळच्या झुडपात ठेवा आणि मांजर आत घ्या.

मांजराचा दात लागलाय अशी नुसती शंका आली, तरी थांबायचं नाही. जखम दिसत नसली तरी त्या लाळेने पिल्लू दगावतं, पशुवैद्याकडे लगेच न्या. आई-बाप आलेच नाहीत तर गुजरातेत 1962 वर करुणा अ‍ॅनिमल अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावा किंवा वनखात्याला कळवा. घरी पिंजऱ्यात वाढवायचा मोह होईल, पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही, आणि दिवसभर सारखं भरवत राहणं आपल्याला झेपतही नाही.

हे वाचेपर्यंत अंधार पडला असेल तर पिल्लं रात्रभर घरातच ठेवा. खोक्यात मऊ फडकं घाला, एका कडेला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, खोकं झाका. बुलबुल रात्री भरवत नाहीत. उजाडताच परडी बांधा.