बेळगाव जिल्ह्यात कुठल्या भागातली मुलं जास्त मागे पडतात? पूर्वीपेक्षा काही बदललंय का?

बदललंय, पण सगळीकडे सारखं नाही. आणि सीमाभाग म्हटलं की लोक भाषेवरच येऊन थांबतात, तसं करू नका.

माझं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या अंगाला. प्राथमिक शाळा सातवीपर्यंत गावात, आठवीचं हायस्कूल दुसऱ्या गावात आणि मध्ये ओढा. पावसाळ्यात कुणी कधी पलीकडे जायचं हे ओढाच ठरवणार. दादा सातवी झाला तसं नानांनी त्याला खानापूरला मामाकडं ठेवलं. ताईची पाळी आली तेव्हा मात्र "पोरीला लोकाच्या घरी कुठं ठेवायचं?" पोर वर्गात पहिली! डोक्यावर प्लास्टिकची खोळ, वह्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेल्या, अशी थोडे दिवस गेली. मग दप्तर माळ्यावर आणि ती रोप लावणीला. दादा आजही चारचौघांत सांगतो, तिला शिक्षणाची गोडीच नव्हती.

कणकुंबीला उगवणारी मलप्रभाच पुढं सौंदत्ती-रामदुर्गाकडं जाते. तिकडं पाऊस नाही म्हणून घराला कुलूप लागतं आणि पोरांची शाळा सुटते. सौंदत्तीत देवदासींची मुलं वेगळीच. बंदीचा कायदा 1982 चा, तरी वडिलांच्या नावाचा रकाना आला की ती अडायची. अथणी-चिकोडीकडं हंगामात बीडच्या ऊसतोड टोळ्या येतात. त्यांची पोरं फडातच, तिथल्या कन्नड शाळेतही नाहीत आणि गावच्या मराठी शाळेतही नाहीत.

2006-07 पासून आठवीच्या मुलींना सरकारी सायकली मिळू लागल्या. सपाटीच्या गावांत त्याचा उपयोग झाला. आमच्या घाटात सायकलीपेक्षा वेळेवर येणारी एसटी कामाची, आणि भीमगड अभयारण्यातल्या गवळी, कृष्णापूरसारख्या वाड्यांत तर रस्त्याचीच रड.

हां, भाषेचा जाच नाही असं मी म्हणत नाही. कन्नड अर्ज हातात घेऊन दुसऱ्याच्या तोंडाकडं बघणारे आईबाप मी पाहिलेत. पण अर्ज कुणीतरी भरून देतो, ओढ्यावर साकव कुणी घालून देत नाही.

माहिती गोळा करणार असाल तर तालुक्याची सरासरी काढू नका. सातवी झालेल्या किती मुली आठवीत बसल्या, ते गाववार विचारा. आणि ज्या बसल्या नाहीत त्यांचं कारण त्यांच्याच तोंडून ऐका, भावाला विचारू नका.