सगळं सारखंच वाटतं? आधी टाळी कुठे पडते ते ऐका

तुम्ही विचारलंय की मुलगा घरात हिप-हॉप लावतो, हे ट्रॅप, ते ड्रिल, हे बूम बॅप असं सांगतो, आणि तुम्हाला मात्र सगळं एकच ऐकू येतं. तर एवढे प्रकार खरंच आहेत, की नुसती नावं? खरंच आहेत. ते ओळखू येत नाहीत याचं कारण बहुधा हे की तुम्ही शब्द ऐकताय. काही दिवस शब्दांकडे लक्षच देऊ नका. मी तेरा वर्षं तबला शिकले, आता नोकरीवरून घरी आल्यावर रात्री लॅपटॉपवर बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं ठेक्याचं संगीत, बनवते, आणि मला हे संगीत उलगडलं ते ठेक्यातून. बैठकीत बसल्यावर आपण आधी ताल कुठला, सम कुठे ते पकडतो ना, तसंच इथे करायचं.

या संगीताचा जन्मच मुळी ठेक्यातून झाला. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये एका मुलीने पार्टी ठेवली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ होता, डीजे कूल हर्क, जमैकाहून आलेल्या कुटुंबातला. त्याला एक गोष्ट दिसली होती. गाणं थांबतं आणि काही सेकंद नुसते ड्रम वाजतात, तेव्हाच लोक सगळ्यात बेभान नाचतात. या तुकड्याला ब्रेक म्हणतात. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावायचा आणि एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू करायचा. दहा सेकंदांचा तुकडा हवा तेवढा लांबवता येऊ लागला. बोलणं, यमक, रॅप हे सगळं त्या लांबवलेल्या ठेक्यावर नंतर चढलं.

पुढे फाटे फुटले ते जागेनुसार आणि हाताशी कुठलं यंत्र होतं त्यानुसार. हे मला कळलं ते बूम बॅपमुळे. बूम म्हणजे किकचा, पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा घुमारा; बॅप म्हणजे स्नेअरचा, कडक आवाजाच्या छोट्या ड्रमचा फटका. चार मात्रा मोजा: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर फटका, लय मिनिटाला नव्वदच्या आसपास. आपल्या केहेरव्याइतकं सरळ. पण त्याचा जो खरखरीत, मातकट आवाज आहे, तो एसपी-१२०० नावाच्या यंत्रातून आला. हे यंत्र १९८७ साली निघालं आणि त्यात सगळं मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज साठवता यायचा. मग पोरांनी युक्ती काढली: ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर लावायची, म्हणजे तुकडा कमी वेळात मावतो, आणि यंत्रात शिरला की त्याचा सूर खाली ओढायचा. ओढताना आवाज फाटायचा, कडा झिजायच्या. तीच झीज लोकांना आवडली.

मी हे घरी करून पाहिलं. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या एका एलपीतला ऑर्गनचा तुकडा ४५ वर वाजवून घेतला, लॅपटॉपवर त्या जुन्या यंत्रासारखी बारा बिटांची मर्यादा घातली, म्हणजे आवाज मुद्दाम भरड केला, आणि सूर खाली आणला. इतकी वर्षं ओळखीचा असलेला ऑर्गन पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखा जड झाला. त्याखाली नुसता किक आणि स्नेअर ठेवला. बूम बॅप म्हणजे काय, हे मला त्या रात्री खऱ्या अर्थाने समजलं.

त्याच काळात ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या न्यूयॉर्कच्या रॅप गटासारख्या मंडळींनी जॅझच्या रेकॉर्डी उपसल्या. १९९१ च्या त्यांच्या अल्बममध्ये तर रॉन कार्टर या जॅझमधल्या थोर बास वादकाने स्वतः वाजवलंय. याला जॅझ रॅप म्हणतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने परवानगीशिवाय तुकडा वापरल्याबद्दल बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात निकाल दिला आणि दुसऱ्याच्या रेकॉर्डी मुक्तपणे कापायचे दिवस संपले. तिकडे लॉस एंजेलिसला डॉ. ड्रे या रॅपर-निर्मात्याने १९९२ मध्ये वेगळा रस्ता धरला होता: जुनं फंक नुसतं कापून लावण्यापेक्षा वादकांकडून नव्याने वाजवून घ्यायचं, लय सैल ठेवायची आणि वर सिंथचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा, एक बारीक, शिटीसारखा ओढलेला सूर सोडायचा. तो सूर ऐकू आला की डोळे मिटून जी-फंक म्हणा.

ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण त्याचं देणं आपण रोज वापरतो आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. नव्वदच्या दशकात तो घरी कॅसेटी बनवायचा. गाणं इतकं हळू करायचा की माणसाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटायचा. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती एक मात्रा मागेपुढे चालवून मधूनच शब्द दोनदा पाडायचा. याला चॉप्ड अँड स्क्रूड म्हणतात. २००० साली तो गेला, तिशी ओलांडण्याआधीच. आज यूट्यूबवर ‘स्लोड अँड रिव्हर्ब’ म्हणून हिंदी-मराठी गाण्यांचा जो पूर वाहतोय, त्याची मुळं त्या कॅसेटींत आहेत. तुमच्या मुलाकडे असं एखादं गाणं नक्की असेल. त्याला हे नाव सांगा.

आता ट्रॅप. रोलँड या जपानी कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ नावाचं ड्रम मशीन काढलं. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून ते फारसं चाललं नाही, दोन-तीन वर्षांत बंद झालं आणि सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागलं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी ते घेतलं. त्याचा किक लांबवला की पोटात घुमतो, थेट बास होतो. अटलांटाच्या लोकांनी त्यावर अख्खी शैली उभी केली. ट्रॅप हा शब्द तिथल्या बोलीत अमली पदार्थ विकले जातात त्या घरासाठी आहे, आणि टी.आय. या रॅपरने २००३ मध्ये तो अल्बमच्या नावातच घातला. ओळखायची खूण अशी: फटका चारांतल्या तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडतो, त्यामुळे लय संथ वाटते, पण वर हाय-हॅट, म्हणजे झांजांच्या जोडीचा ‘टिक टिक’ आवाज, मात्र दुगुन, चौगुन, मध्येच तिश्र (एका मात्रेत तीन) अशी पळत असते. तबल्यावर विलंबित ठेका चालू असताना कुणीतरी तिरकिट भरत जावं, तसं.

ड्रिल त्याचंच भावंड, पण थेट पुढे गेलेलं नाही, वळसा घालून आलेलं. २०१२ च्या सुमारास शिकागोच्या दक्षिण भागातली चीफ कीफसारखी अगदी कोवळी पोरं ते करत होती. ते लंडनला ब्रिक्स्टनमध्ये पोचलं आणि तिथे त्याचा ठेकाच बदलला. मग तो बदललेला ठेका परत अमेरिकेत ब्रुकलिनला गेला. तिथल्या पॉप स्मोक या रॅपरची गाजलेली गाणी ८०८मेलो या लंडनच्या निर्मात्याच्या बीटवर आहेत. दोन खुणा लक्षात ठेवा. पहिली: पहिल्या आवर्तनात फटका तिसऱ्या मात्रेवर, पण पुढच्या आवर्तनात तो चौथ्यावर सरकतो. आपण टाळी द्यायला हात उचलतो आणि ती तिथे नसतेच. दुसरी खूण मला फार जवळची. लंडनच्या ड्रिलमधला बास एका सुरावर थांबत नाही, घसरत खाली किंवा वर जातो. डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवलं की जो घिस्सा निघतो, तोच परिणाम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डावं मनगट आपोआप मांडीवर सरकलं होतं.

लो-फाय म्हणून अभ्यासाला लावतात ते शांत संगीत डेट्रॉइटच्या जे डिलाकडून आणि जपानच्या नुजाबेसकडून आलं, असं ढोबळमानाने म्हणता येईल. पण डिलाला ‘पार्श्वसंगीत’ म्हणून ऐकू नका, कृपया. एमपीसी या यंत्रात सगळे ठोके मात्रेवर आपोआप नीट बसवायची सोय असते; तो अनेकदा ती बंद करून बोटांनी वाजवायचा. किक किंचित मागे रेंगाळतो, स्नेअर किंचित आधी येतो, आणि तरी लय मोडत नाही. संगणकावर बीट करताना मी पहिली दोन वर्षं प्रत्येक ठोका रेषेवर बसवत होते आणि सगळं निर्जीव का वाटतंय ते कळत नव्हतं. त्याचा शेवटचा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला. तीन दिवसांनी तो वारला. त्याची एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवली आहे.

ग्राइमबद्दल वाद आहे. ते लंडनच्या गराज या नाचाच्या संगीतातून आलं, लय मिनिटाला १४०, आणि ते करणारे अनेक जण त्याला हिप-हॉप म्हणू देत नाहीत. माझ्या मते ते त्यांचं ऐकावं. ब्रिस्टलचं ट्रिप-हॉप मात्र नक्कीच नात्यातलं आहे: तोच ब्रेक, हळू केलेला, वर उदास गाणं.

तुम्ही फ्यूजनचं, म्हणजे दोन प्रकारचं संगीत एकत्र आणण्याचंही विचारलंय. रन-डीएमसी हा रॅप गट आणि एरोस्मिथ हा रॉक बँड यांचं १९८६ चं गाणं सगळे सांगतात, म्हणून मी आपल्याकडचं सांगते. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं एक गाणं अमेरिकेत गाजलं. त्यात लताबाईंचा आवाज आहे: १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं, बप्पी लाहिरींचं ‘थोडा रेशम लगता है’. परवानगी नाही, नाव नाही. लाहिरी न्यायालयात गेले आणि त्यांचं श्रेय छापल्याशिवाय सीडी विकायची नाही असा आदेश मिळाला. बीट उत्तम आहे, मी आजही ऐकते. पण आपल्या संगीताकडे असं बेवारस माल म्हणून पाहिलं गेलं याचा मला अजून त्रास होतो.

मुंबईत वेगळं घडलं. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये पहिलं गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच. धारावीच्या सेव्हन बंटाईझ या रॅप गटात हिंदी, मराठी, तमिळ एकाच गाण्यात येतात. स्वदेशी या गटाने आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन जंगलाच्या हक्कावर गाणं केलं. तिथे भोईरांचा आवाज शोभेला ठेवलेला नाही, गाण्याचा कणा तोच आहे. मला फ्यूजन म्हणून हे पटतं. ट्रॅपखाली दोन सेकंद ढोलकी टाकली की झालं, असं मला वाटत नाही.

सध्या मी एका गोष्टीवर अडून बसले आहे. कोळीगीताचा ठेका सहाच्या अंगाचा, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन. त्यावर नेहमीचा चाराचा रॅप बसवला की दोघंही लंगडतात. पण मेम्फिसच्या थ्री सिक्स माफिया या रॅप गटाने नव्वदच्या दशकात एक धाटणी रूढ केली होती, एका मात्रेत तीन अक्षरं: तकिट, तकिट, तकिट. पुढे अटलांटाच्या लोकांनी ती जगभर नेली. ही तिश्र धाटणी कोळीगीताच्या ठेक्यावर ठेवली की एकदम चपखल बसते, आणि आगरी-कोळी बोलीतली लहान अक्षरं तर तिच्यात धावतात. चौथा मसुदा चालू आहे, किक अजून जड होतोय.

आता तुम्ही एवढंच करा. मुलाला सांगा की एक बूम बॅप, एक ट्रॅप आणि एक ब्रुकलिन ड्रिल लाव, नावं सांगू नकोस. हाताने चार मात्रा मोजा, फटका कुठे पडतो ते बघा. दुसऱ्या-चौथ्यावर पडला तर बूम बॅप, नुसत्या तिसऱ्यावर तर ट्रॅप, आणि दुसऱ्या आवर्तनात तुमची टाळी चुकली तर ते ड्रिल.