फरशी फोडण्याआधी टाकीत पट्टी बुडवा

तुम्ही लिहिलंय ते असं: नाशिकचं रो-हाऊस, बांधून पंचवीसेक वर्षं झालेली, हॉलच्या आतल्या कोपऱ्यात स्कर्टिंगच्या वर वीतभर ओल, त्यावर पांढरा लोणा (क्षारांची पांढरी पूड), दोन फरश्या पोकळ वाजतात आणि प्लंबर म्हणतो की सगळा हॉल फोडावा लागेल. त्याला चार दिवस थांबवा. पाणी जिथे दिसतं तिथेच पाइप फुटलेला असतो असं नाही. जोत्यातल्या, म्हणजे फरशीखालच्या चौथऱ्यातल्या, भरावातून पाणी वाट मिळेल तिकडे सरकत जातं, पायाची भिंत आडवी आली की तुंबतं आणि त्याच भिंतीतून वर चढतं.

हे मी हजारो रुपये घालवून शिकलोय. आमचं घर पुण्याजवळचं, 1996 चं. बाथरूमलगतच्या भिंतीला ओल आली, तेव्हा बाथरूमच गळतंय असं गृहीत धरून मी नानी ट्रॅपपासून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यापासून, सगळं उखडलं. (खरा शब्द नहाणी ट्रॅप, पण दुकानात तो मागितलात तर मुलगा तोंडाकडे बघत राहतो.) नवं वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स, सगळं झालं. महिन्याभरात ओल परत आली, तीही आधीपेक्षा दोन इंच वर. शेवटी गळती सापडली ती पॅसेजच्या फरशीखालून किचनकडे जाणाऱ्या सोलरच्या गरम लाइनवर, बाथरूमपासून नऊ फूट लांब.

ती सापडली कशी, तेच तुम्हाला करायला सांगतोय. रात्री सगळे झोपल्यावर गच्चीवरच्या टाकीत पाणी येण्याचा मार्ग बंद करायचा, म्हणजे पंप बंद. घरातले सगळे नळ बंद, फ्लश टँकखालचे अँगल कॉकही बंद, कारण फ्लश टँक गुपचूप गळत असतात आणि मग आपण जमिनीखाली भूत शोधत बसतो. आता टाकीत स्टीलची पट्टी किंवा खुणा केलेली काठी उभी धरून पातळी लिहून ठेवायची. पहाटे कोणी नळ उघडायच्या आत परत बघायची. हजार लिटरच्या गोल टाकीचा व्यास साधारण 1.1 मीटर असतो, म्हणजे एक सेंटिमीटर पाणी उतरलं तर नऊ-साडेनऊ लिटर गेलं. माझ्याकडे आठ तासांत चार सेंटिमीटर उतरलं होतं. हिशोब केला तर दिवसाला शंभराच्या वर लिटर, आणि हे सगळं जोत्याच्या पोटात!

दुसऱ्या रात्री टाकीखालचा एकच व्हॉल्व्ह बंद करायचा, बाकीचे चालू. मी सोलरला जाणारा बंद केला आणि सकाळी पातळी जागच्या जागी. म्हणजे थंड लाइन सगळी ठीक, भानगड गरम लाइनची. मग पॅसेजमध्ये पहाटे अनवाणी फिरलो तर एका फरशीवर तळव्याला कोमट लागलं. इतकी वर्षं त्याच जागी मांजर का झोपायचं, याचाही उलगडा झाला.

एक सावधगिरी: जुने गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत. चक्र फिरवून आवळलं तरी आतून पाणी झिरपतं आणि सगळी चाचणी फसते. शंका आली तर युनियन (पाइपाचा खोलता येणारा जोड) खोलून त्या टोकाला डमी, म्हणजे बंद टोपण, लावा.

टाकीची पातळी कुठल्याच रात्री हलली नाही, तर गच्चीवरून खाली येणाऱ्या लाइन सुटल्या. मग राहिलेल्या लाइन बघायच्या. महापालिकेच्या मीटरपासून जमिनीतल्या टाकीपर्यंतची लाइन फक्त पाणी सुटल्यावर भरते. पाणी आलेलं असताना जमिनीतल्या टाकीच्या तोंडाशी ते बंद करा आणि मीटरचा काटा बघा. तरीही फिरत असेल तर गळती त्या दोघांच्या मध्ये. ही गळती सगळ्यात वाईट. पाणी गेलं की रिकामा पाइप त्याच भोकातून आजूबाजूचं घाण पाणी ओढून घेतो. पाणी सुटल्यावर पहिली पाच मिनिटं गढूळ येत असेल तर ओलीचं नंतर बघा, आधी पिण्याचं पाणी उकळायला लागा.

जमिनीतली टाकी स्वतः गळत असेल तर भरून ठेवल्यावर पातळी उतरते आणि बऱ्याचदा एका जागी येऊन थांबते. भेग त्याच उंचीला शोधायची. पंपाची वर जाणारी लाइन गळत असेल तर पंप चालू केल्यावर वर पाणी पडायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, पण फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या ओढणाऱ्या पाइपाच्या तळाची झडप) खराब असला तरी हेच होतं, म्हणून तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

आता सांडपाणी. याचा पाइप दाबाखाली नसतो, वापराल तेव्हाच गळतो. आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर ओल कमी दिसली तर संशय इकडे घ्या. बाहेरच्या चेंबरमध्ये येणाऱ्या पाइपाचं तोंड टेस्ट प्लगने (आत घट्ट बसणाऱ्या रबरी बुचाने) बंद करायचं, आतून नानी ट्रॅपपर्यंत पाणी भरायचं, खूण करून तासभर थांबायचं. पाणी खाली बसलं तर पाइप किंवा जोड गेलाय. तेच पाणी खाण्याच्या रंगाने रंगवलं तर कधी कधी रंग भिंतीच्या कडेला दिसतोही. नाही दिसला म्हणून पाइप चांगला असं समजू नका, माती रंग धरून ठेवते.

झिरपलेलं पाणी चमचाभर जमा करता आलं तर ग्रामपंचायतीत पाण्यातलं क्लोरीन बघायला ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतात तीही करून बघा. पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे नळाचं पाणी. इथेही उलटं खरं नाही, कारण मातीतून येता येता क्लोरीन संपून जातं.

आणि हो, ओल जर घराच्या सगळ्या भिंतींना सारख्या उंचीवर असेल आणि पावसाळ्यातच येत असेल, तर ती गळती नसून जमिनीची ओल आहे. जोत्यावर ओलरोधक थर घातलेला नाही किंवा फाटलाय. त्याचा इलाज वेगळा. तुमची एकाच कोपऱ्यात आहे, म्हणून मला पाइपच वाटतो.

यंत्रं घेऊन येणाऱ्यांना लाइन कुठली ते ठरल्यावरच बोलवा. जमिनीवर ठेवायचा माइक लोखंडी पाइपावर छान चालतो, प्लास्टिकच्या पाइपातून आवाज लांब जात नाही. थर्मल कॅमेरा गरम लाइनला उत्तम. थंड लाइनला तो फक्त ओला भाग दाखवतो, भोक दाखवत नाही. पाइप रिकामा करून त्यात 5 टक्के हायड्रोजन आणि 95 टक्के नायट्रोजन असं मिश्रण सोडतात आणि फरशीच्या सांध्यांतून तो वायू कुठे वर येतो ते सेन्सरने हुंगतात. या प्रमाणात ते पेट घेत नाही, घाबरू नका.

दुरुस्तीबद्दल माझं मत ठाम आहे. लाइन पाण्याची असेल तर जोत्याखाली जोड मारत बसू नका, ती लाइन कायमची सोडून द्या. पंचवीस वर्षांच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला एक भोक पडलं म्हणजे बाकीचा पाइपही त्याच वयाचा आहे. दोन्ही टोकं कापून डमी मारा आणि नवी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) लाइन बाहेरच्या भिंतीवरून किंवा छताजवळून फिरवा. दिसायला थोडी वाईट दिसते, बायको चार दिवस नाराज असते, पण पुढच्या वेळी गळाली तर डोळ्यांना दिसते. माझी गरम लाइन अशीच बाहेरून नेली, वर इन्सुलेशन चढवलं, आणि पॅसेजची एकही फरशी फोडावी लागली नाही.

सांडपाण्याला ही सोय नाही, त्याला उतार लागतो. तिथे फोडावं लागेल, पण ट्रॅप ते चेंबर एवढी पट्टीच. पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथे नीट बघा. भराव बसला की पाइप खाली ओढला जातो, भिंत जागची हलत नाही आणि जोड तिथेच मोडतो. नाशिकला तुमच्या भागात काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणजे दरवर्षी हाच खेळ. नवा पाइप टाकताना भिंतीत मोठ्या व्यासाची बाही घाला, म्हणजे नवा पाइप जिच्यातून मोकळा जाईल अशी नळी. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरून, पाणी मारून धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून) घ्या. गवंडी एकदम भरायला बघतो, उभं राहून करून घ्यावं लागतं.

गळती थांबल्यावर लगेच रंग लावायची घाई करू नका. लोणा लागलेलं प्लास्टर ओलीच्या वर फूटभर तरी खरवडून काढा आणि वीट दोन-तीन महिने उघडी ठेवा. आतून वॉटरप्रूफ कोट मारलात तर अडकलेली ओल आणखी वर चढेल, माझी चढली तशी. पोकळ वाजणाऱ्या दोन फरश्या मात्र उचलून बघाच. खाली भराव वाहून गेला असेल तर ती पोकळी भरून घ्यावी लागेल.

भिंतीला, विशेषतः खिडकीच्या कोपऱ्यातून, तिरकी भेग गेली असेल तर त्यावर काचेची बारीक पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून हलतेय, तेव्हा प्लंबर सोडून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आज रात्री पातळी लिहा, उद्या सकाळचा आकडा इथे टाका. सोबत टाकीचा व्यास आणि टाकीखाली किती व्हॉल्व्ह आहेत तेही सांगा, म्हणजे दुसऱ्या रात्री कुठला बंद करायचा ते ठरवू.