पावसात गायगर मीटरचा आकडा वाढला, म्हणजे जवळच्या अणुकचरा साठवणकेंद्रातून गळती होते आहे का?

तुम्ही लिहिले आहे की घरापासून काही किलोमीटरवर अणुकचऱ्याचे साठवणकेंद्र आहे, एरवी ताशी ०.११ मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) दाखवणारा तुमचा मीटर जोराच्या पावसात ०.१९ पर्यंत गेला आणि केंद्राच्या अहवालात मात्र सर्व काही सामान्य असल्याचे म्हटले आहे. पर्यावरणीय नमुन्यांतील किरणोत्सार मोजणाऱ्या प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की हा आकडा बहुधा पावसाचाच आहे. मात्र मीटर शांत राहिला म्हणून केंद्राबाबत निश्चिंत व्हावे, असेही नाही.

जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सतत बाहेर पडत असतो. त्याच्या क्षयातून तयार होणारे शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ हवेतील धूलिकणांना चिकटून राहतात, आणि पाऊस त्यांना धुऊन जमिनीवर आणतो. त्यांचे अर्धायुष्य (निम्मा अंश क्षय पावायला लागणारा काळ) अनुक्रमे सुमारे २७ आणि २० मिनिटे आहे, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा पूर्वपदावर येतो. पुढच्या पावसात दर दहा मिनिटांनी नोंद करून पाहा. आकडा याच गतीने उतरला तर कारण रेडॉनच, कारण साठवलेल्या कचऱ्यातील सीझियम-१३७चे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे आणि ते एकदा जमिनीवर पडले की संध्याकाळपर्यंत निघून जात नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. अणुभट्टी आणि साठवणकेंद्र यांच्याभोवतीचे निरीक्षण सारखे नसते. अनेक वर्षे थंड झालेल्या कचऱ्यात आयोडीन-१३१ उरलेलेच नसते, कारण त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे आहे. ते एखाद्या नमुन्यात सापडले तर आम्ही आधी रुग्णालयाच्या सांडपाण्याकडे किंवा एखाद्या चालू अणुभट्टीकडे पाहतो. साठवणकेंद्राच्या बाबतीत काळजी असते ती सीझियम, स्ट्रॉन्शियम-९०, ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन), प्लुटोनियम आणि अमेरिशियम यांची, आणि यांपैकी बहुतेकांना तुमचा मीटर जवळजवळ आंधळा आहे. ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे असतात की ते मीटरच्या नळीच्या आत शिरतच नाहीत. दुरून मीटरपर्यंत पोहोचू शकणारे गॅमा किरण स्ट्रॉन्शियम देत नाही, आणि प्लुटोनियमचे अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरवरच थांबतात.

याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात आहे. तेथे जमिनीखाली सुमारे ६५५ मीटर खोल मिठाच्या थरात कचरा ठेवला जातो. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी त्यातील एक पिंप आतल्या रासायनिक क्रियेने फुटले. नायट्रेट क्षार असलेल्या कचऱ्यात गव्हापासून बनवलेले, मांजरांच्या मलपात्रात वापरले जाणारे शोषक मिसळले गेले होते. बाहेर निसटलेल्या अमेरिशियम आणि प्लुटोनियमचा अत्यल्प अंश साधारण एक किलोमीटरवरच्या हवा-नमुना यंत्राच्या फिल्टरवर सापडला. कुंपणाबाहेर हातात मीटर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो कधीच कळला नसता.

त्यामुळे निरीक्षणाचा कणा म्हणजे हे फिल्टर. पंप दिवसरात्र हवा ओढत असतो. आठवड्याने चिमट्याने उचललेला पांढरा कागद करडा-तपकिरी झालेला असतो, आणि पाकिटावर पंप किती तास चालला व किती घनमीटर हवा गेली हे लिहिले जाते, कारण त्या दोन नोंदी नसतील तर कागदाचा काहीच उपयोग नाही. तो लगेच मोजला तर बीटाचा आकडा घाबरवणारा येतो, पण तोही रेडॉन आणि त्याचाच भाऊबंद थोरॉन यांच्या क्षयातून बनलेल्या मूलद्रव्यांचाच असतो. म्हणून कागद चार-पाच दिवस तसाच ठेवतात आणि मग मोजतात. नवख्या माणसाला ही वाट पाहणे जड जाते. मलाही गेले होते.

दुसरा मार्ग भूजलाचा, आणि माझ्या मते दीर्घकाळात तोच अधिक महत्त्वाचा. ट्रिटियम पाण्याचाच भाग बनते आणि पाण्याच्या वेगाने सरकते. स्ट्रॉन्शियम मागे रेंगाळते, तर सीझियम चिकणमातीला घट्ट धरून बसते. म्हणून जिथे कचऱ्यात ट्रिटियम असते तिथे गळतीची पहिली वर्दी तेच देते, आणि तीही गावातल्या विहिरीत नव्हे, तर कुंपणालगत प्रवाहाच्या खालच्या बाजूला खोदलेल्या निरीक्षण विहिरीत. वरच्या बाजूलाही तुलनेसाठी एक विहीर लागतेच. नमुना घेण्याआधी विहिरीत साचलेले पाणी उपसून टाकावे लागते, नाहीतर बाटलीत भूजल न येता नळीत मुरलेले जुने पाणी येते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी ट्रिटियमसाठी लिटरला १०,००० बेक्वेरेल (सेकंदाला एक क्षय म्हणजे एक बेक्वेरेल) आणि स्ट्रॉन्शियम-९० साठी १० बेक्वेरेल आहे. निरीक्षण मात्र याहून कितीतरी खालच्या पातळीवर चालायला हवे, कारण तिथे शोध धोक्याचा नसून बदलाचा असतो.

बदल कळण्यासाठी जुनी नोंद लागते. एकदा मातीच्या एका नमुन्यात शेजारच्या नमुन्यांच्या दुपटीहून जास्त सीझियम आले आणि आमची झोप उडाली. जागा पुन्हा पाहिली, तेव्हा ती उतारावरचे पाणी आणि पालापाचोळा साचणारी खोलगट जागा निघाली. १९४५ ते १९८० या काळात हवेत झालेल्या अणुचाचण्यांचे सीझियम तिथे गोळा झाले होते. केंद्र सुरू होण्यापूर्वी त्याच जागेचा नमुना घेतलेला होता आणि तेव्हाही आकडा चढाच होता, म्हणून हा उलगडा अर्ध्या दिवसात झाला. तो नसता तर आम्ही महिनोन्‌महिने वाद घालत बसलो असतो.

अहवालावर विश्वास ठेवावा का, हे तो वाचूनच ठरवा. केवळ गॅमा मात्रेचे आकडे देऊन ‘सर्व सामान्य’ म्हणणारा अहवाल मला अपुरा वाटतो. कुंपणालगतच्या विहिरींतील ट्रिटियमचे आकडे, हवेच्या फिल्टरवरील अल्फा मोजणी आणि केंद्र सुरू होण्याआधीच्या किमान वर्षभराच्या नोंदी मागा. रकान्यात ‘०.५ पेक्षा कमी’ असे लिहिलेले दिसले तर ती लपवाछपवी नव्हे. यंत्राची शोधमर्यादा, म्हणजे त्याला ओळखता येणारी किमान पातळी, सांगणारी ती प्रामाणिक पद्धत आहे. उलट जिथे सरळ शून्य लिहिलेले असते किंवा आकड्यापुढे अनिश्चितता दिलेली नसते, तिथे मी थबकतो. यंत्राने शंभर कण मोजले, तर त्यात साधारण दहाची चढउतार निव्वळ योगायोगाने होते, आणि मोजणाऱ्याला हे ठाऊक असतेच. नमुन्याचा एक भाग दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेकडे जातो का, हेही विचारा.

मीटर फेकून देऊ नका. जमिनीपासून एक मीटर उंचीवर, एकाच जागी ठेवून वर्षभर पावसासह नोंदी घ्या. तुमच्या घरापाशी नेहमीचा आकडा कोणता, हे तुम्हाला तरी त्यातून पक्के कळेल.