मुलगा ‘तारा ऐकतो’, म्हणून फोन केलात?

प्रश्न : माझा मुलगा इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. साखर कारखान्यात ट्रेनिंग चालू आहे. शिफ्ट संपली तरी लॅपटॉप पॅनलला जोडून मशिनींचे एकमेकांना जाणारे मेसेज बघत बसतो. हा हॅकिंगचाच प्रकार ना? मी तिथल्या इंजिनिअरना फोन करून ते बंद करायला लावलं. आता कोणी सांगतं, हॅकिंगमध्ये पॅकेज चांगलं आहे. दीड लाखाचा सहा महिन्यांचा कोर्स लावावा का? त्यानं म्हणे दोन ड्राइव्हना एकच नंबर दिलेला शोधून काढला. पण त्याचे काय मार्क मिळतात?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. कोर्सचं नंतर बघू. तुम्ही मुलाला न विचारता परस्पर इंजिनिअरसाहेबांना फोन केलात, मला त्याची जास्त काळजी वाटते. वीस वर्षांचा मुलगा कामाच्या जागी स्वतःची ओळख कमावत होता आणि घरून फोन आला की त्याला आवरा. तो आता तिथे मान वर करून उभा कसा राहणार? शिवाय तुम्हाला आधी ज्या गोष्टीची भीती वाटली, तिच्यात पैसा आहे असं कळताच तुम्ही दीड लाख मोजायला निघालात. या दोन्ही वेळी त्याला एका शब्दानं तरी विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलेली ती ड्राइव्हची ओळ मी दोनदा वाचली. ड्राइव्ह म्हणजे मोटरची गती सांभाळणारं यंत्र. एका केबलवर असे अनेक ड्राइव्ह असतात, प्रत्येकाला वेगळा नंबर असतो. पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा कॉम्प्युटर, एकेकाला नंबरानं विचारतो, ज्याचा नंबर असेल त्यानंच उत्तर द्यायचं. दोघांचा नंबर एकच झाला, की हजेरीला दोन मुलं एकदम ‘हजर’ ओरडावीत तसं होतं. उत्तरं एकमेकांत मिसळतात, तपासणीत नापास होतात, पीएलसी वाट बघून सोडून देतो. स्क्रीनवर फक्त ‘कम्युनिकेशन फेल’ एवढंच दिसतं, तेही मधूनमधून. मग लोक केबल बदलतात, कार्ड बदलतात. तुमच्या मुलानं तारेवरचं बोलणं ऐकलं आणि मूळ सापडलं. मार्क नाही मिळत याचे. नोकरी मिळते.

आता हॅकिंगचं. यंत्रांनी एकमेकांशी बोलायची, कारखान्यांत सर्रास वापरली जाणारी मॉडबस ही पद्धत 1979 ची आहे. तिच्यात पासवर्डची सोयच नाही. तारेवर जो हुकूम सोडेल त्याचा हुकूम यंत्र मानतं. म्हणून तर तारेवर रोज काय चालतं हे माहीत असलेला माणूस लागतो. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या कॉम्प्युटर व्हायरसनं इराणमधल्या नतान्झ अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजची, म्हणजे युरेनियमसाठी गरगर फिरणाऱ्या यंत्रांची, गती बिघडवली, तेव्हा ऑपरेटरच्या पडद्यावर सगळं आलबेल दिसत होतं. निव्वळ ऐकणं आणि हुकूम सोडणं यांत फार मोठा फरक आहे. त्यामुळे मुलालाही एक कडक सूचना: स्वतःचा लॅपटॉप चालू प्लँटला साहेबांच्या परवानगीशिवाय जोडायचा नाही, आणि जोडला तरी फक्त ऐकायचं. तारेवर एकही मेसेज आपल्याकडून जाता कामा नये. चालू बॉयलरवर ‘करून बघतो’ चालत नाही.

तो दीड लाखाचा कोर्स लावू नका. अशा बहुतेक कोर्समध्ये वेबसाइट आणि वायफाय शिकवतात. तिथे शिकवलेलं स्कॅनिंग, म्हणजे यंत्रांवर प्रश्नांचा मारा करून बघणं, जुन्या पीएलसीवर केलं तर तो पीएलसी अडकून बसू शकतो. तुमच्या मुलाला हवा ती तार लॅपटॉपला जोडणारा एक यूएसबी-आरएस 485 कन्व्हर्टर, तारेवरचे मेसेज दाखवणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर आणि घरच्या टेबलावर जुना ड्राइव्ह किंवा एखादा एनर्जी मीटर. दीड लाखातले पाच-सात हजार जातील.

पुढचे रस्ते नेहमीचेच: डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला पदवी प्रवेश, पुढे वाटलं तर एम.टेक.साठीची गेट परीक्षा. पदवीआधी वर्षभर नोकरी करतो म्हणाला तर अडवू नका. चाकणकडच्या वाहन कारखान्यांत, पाणीपुरवठ्यात, औषध कंपन्यांत हेच काम आहे. फक्त मॉडबसच्या जागी कुठे प्रोफिनेट ही पद्धत असेल, कुठे कॅन.

आणि इंजिनिअरसाहेबांना पुन्हा एक फोन करा. या वेळी मुलाला विचारून, त्याच्यासमोर. मागचा फोन गैरसमजातून केला होता एवढंच सांगा. हंगाम संपला की पॅनल उघडतात, केबली सुटतात. त्या महिन्यात त्याला तिथे थांबता येईल का, ते त्यालाच विचारू द्या.